लोह ऑक्साइडाच्या इलेक्ट्रोडमध्ये स्फटिकाचे आकारमान नेमके कुठे महत्त्वाचे ठरते?

प्रश्न असा आहे. लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी गोएथाइट (हायड्रोजन असलेले लोह ऑक्साइड) भट्टीत तापवून हेमॅटाइट या लोह ऑक्साइडाचे दोन नमुने केले, एक ४०० अंश सेल्सिअसला आणि दुसरा ७०० अंशांना. एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून), शिखरांच्या रुंदीतून स्फटिकाचे माप काढणाऱ्या शेररच्या सूत्राने, पहिल्याचे स्फटिक सुमारे २० नॅनोमीटरचे आणि दुसऱ्याचे सुमारे ६० नॅनोमीटरचे निघाले. लिथियमच्या चकतीसमोर कॉइन सेल (नाण्याएवढी चाचणी बॅटरी) बांधल्यावर लहान स्फटिकांच्या नमुन्याने पहिल्या डिस्चार्जला जास्त क्षमता दिली, पण त्याची पहिल्या चक्रातली तूटही (चार्ज करताना परत न मिळालेली क्षमता) जास्त होती, आणि तीसेक चक्रांनंतर तो मोठ्या स्फटिकांच्या नमुन्याच्याही खाली गेला. स्फटिक जितका लहान तितका इलेक्ट्रोड चांगला, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग हे असे का झाले, आणि किती नॅनोमीटरचे लक्ष्य ठेवावे?

तुमच्या निकालात विसंगती नाही. स्फटिकाचे आकारमान पहिल्या डिस्चार्जवर थेट आणि मोठा परिणाम करते, कारण त्या वेळी तो स्फटिक अस्तित्वात असतो. पहिला डिस्चार्ज पूर्ण होईपर्यंत मूळ स्फटिक मोडलेला असतो आणि पुढच्या चक्रांमध्ये कारभार वेगळ्याच मापांच्या हाती जातो: एकमेकांना चिकटलेल्या स्फटिकांच्या गुठळीचे माप, तिच्यातली छिद्रे, द्रवाला उघडे असलेले क्षेत्रफळ आणि कार्बनशी असलेला संपर्क. ‘नॅनो’ या एका शब्दाखाली ही सगळी मापे एकत्र केली जातात, आणि तुमच्यासारखे निकाल कोड्यात टाकतात ते त्यामुळेच.

हेमॅटाइटच्या एका सूत्ररेणूत दोन लोह आणि तीन ऑक्सिजन असतात. सहा लिथियम आत आले की त्याचे धातुरूप लोह आणि लिथियम ऑक्साइड होते, आणि या हिशेबाने क्षमता १००७ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम येते. मॅग्नेटाइटमध्ये (तीन लोह आणि चार ऑक्सिजन असलेल्या ऑक्साइडात) आठ लिथियम धरले तर ती ९२६ येते. ग्राफाइटची ३७२ आहे, म्हणून या स्वस्त आणि विषारी नसलेल्या पदार्थाचे आकर्षण इतकी वर्षे टिकून आहे. मात्र हे सहा लिथियम एकाच पद्धतीने आत जात नाहीत. सुरुवातीला थोडे लिथियम स्फटिकजाळीत शिरते आणि जाळी तशीच राहते. मग ऑक्सिजनची रचनाच बदलते. आणि शेवटी, साधारण ०.८ व्होल्टच्या आसपासच्या लांब सपाट पट्ट्यावर, ऑक्साइड फुटून लोह वेगळे होते. स्फटिकाचे आकारमान या तिन्ही टप्प्यांवर सारखेच बोलत नाही.

त्याचा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो पहिल्या टप्प्यावर. हेमॅटाइटमध्ये ऑक्सिजनचे थर षट्कोनी रचनेत असतात आणि लिथियम शिरू लागले की ती रचना घनीय होण्याकडे झुकते; थॅकरे, डेव्हिड आणि गुडइनफ यांनी १९८२ मध्येच हे बदल नोंदवले होते. फ्रान्समधील आमिआँ येथे लार्शे, तारास्काँ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २० नॅनोमीटरचे आणि अर्ध्या मायक्रोमीटरचे हेमॅटाइट समोरासमोर ठेवून पाहिले. मोठ्या कणांत एका सूत्ररेणूमागे लिथियमच्या एक दशांशापर्यंत पोहोचण्याआधीच पृष्ठभागाजवळ त्याची दाटी झाली आणि रचना कायमची बदलायला लागली. लहान कणांनी मात्र जवळजवळ एक पूर्ण लिथियम सामावून घेतले, मूळ चौकट न मोडता आणि एकक पेशीचे, म्हणजे जाळीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान घटकाचे, घनफळ जेमतेम एक टक्क्याने बदलत. एक लिथियम म्हणजे सुमारे १६८ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम, आणि ही सगळी क्षमता वरच्या व्होल्टेजला मिळते. तुमच्या लहान स्फटिकांच्या नमुन्याची जास्तीची क्षमता किती अंशी इथून आली हे पाहायचे असेल, तर पहिल्या डिस्चार्जच्या वक्राचा १ व्होल्टच्या वरचा भाग दोन्ही नमुन्यांसाठी एकावर एक ठेवून पाहा. २० नॅनोमीटरच्या नमुन्यात तिथे लांब उतार दिसायला हवा. मोठ्या स्फटिकांत तो आखूड असेल.

यामागचे कारण केवळ अंतराचे नाही. घन पदार्थात लिथियम पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे ८ नॅनोमीटरच्या स्फटिकापेक्षा ३२ नॅनोमीटरच्या स्फटिकाला सोळा पट वेळ लागतो, हे खरेच. पण त्याशिवाय मोठ्या कणात बाहेरचा थर लिथियमने भरलेला आणि गाभा रिकामा अशी स्थिती येते, बाहेरच्या थरात रचना बदलण्याची मर्यादा आधी ओलांडली जाते, आणि एकदा घनीय रचना सुरू झाली की गाभ्याला मूळ रचनेत राहून लिथियम घेण्याची संधीच उरत नाही. लहान स्फटिकात ही दरी पडत नाही. प्रवाह अगदी कमी ठेवला तर मोठ्या स्फटिकांचे नुकसान थोडे भरून निघते, पण पूर्ण नाही.

मॅग्नेटाइटची कथा थोडी वेगळी आहे. त्याची रचना मुळातच घनीय (‘स्पिनेल’ प्रकारची) आहे, त्यामुळे ऑक्सिजनची रचना उलटण्याचा प्रश्न येत नाही. लिथियम अष्टफलकी रिकाम्या जागांत शिरते आणि चतुष्फलकी जागांतले लोह सरकून शेजारच्या अष्टफलकी जागांत जाते. आणि मॅग्नेटाइट हे हेमॅटाइटच्या मानाने फारच चांगले विद्युतवाहक आहे. म्हणून इलेक्ट्रॉन पोहोचवण्याच्या अडचणीमुळे स्फटिक लहान करण्याची जी निकड हेमॅटाइटला आहे, ती मॅग्नेटाइटला तितकीशी नाही. तरीही अमेरिकेतील एस्थर टाकेउची, केनेथ टाकेउची आणि एमी मार्शिलॉक यांच्या गटाने ट्रायइथाइलअमाइन वापरून अवक्षेपणाने ६ ते ११ नॅनोमीटर या अरुंद पट्ट्यात स्फटिक बदलून दाखवले, तेव्हा एवढ्या लहान पट्ट्यातही लहान स्फटिकांची क्षमता जास्त आढळली. या मालिकेत पदार्थ तोच ठेवून, तीच पद्धत वापरून, फक्त स्फटिक बदलण्याचा प्रयत्न आहे, आणि या विषयात तसे काम थोडेच आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना ती आधी वाचायला सांगतो.

त्याच धाग्यावर पुढचे काम झाले ते तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याचे आहे. कोलंबिया विद्यापीठातील ॲलन वेस्ट यांच्या गटाने टाकेउची-मार्शिलॉक गटासोबत ६, ८ आणि ३२ नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचे डिस्चार्ज आणि प्रवाह थांबवल्यावर व्होल्टेज सावरण्याचा वेग मोजला, आणि स्फटिकातला प्रसार व गुठळीतला प्रसार अशा दोन पातळ्या असलेल्या गणिती प्रतिकृतीशी ते ताडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की ६ आणि ८ नॅनोमीटरच्या स्फटिकांमध्ये अडथळा मुख्यतः गुठळीत आहे. ३२ नॅनोमीटरच्या स्फटिकांत तो गुठळीत आणि स्फटिकात अशा दोन्ही ठिकाणी आहे. म्हणजे एका मर्यादेखाली स्फटिक आणखी लहान करून हाती काही लागत नाही, कारण लिथियम त्या स्फटिकापर्यंत पोहोचतच नाही. पिठल्यातली गुठळी बाहेरून शिजलेली आणि आत कोरडे पीठ असलेली निघते, तसेच इथे होते; पीठ कितीही बारीक दळलेले असले तरी गुठळी फुटल्याशिवाय उपयोग नाही.

आता रूपांतरणाच्या टप्प्याकडे. सन २००० मध्ये पुआझो, तारास्काँ आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट, निकेल, लोह अशा धातूंच्या ऑक्साइडांमध्ये ही अभिक्रिया उलटवता येते हे दाखवले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले चित्र असे होते की धातूचे काही थोड्या नॅनोमीटरचे कण लिथियम ऑक्साइडाच्या लगद्यात विखुरलेले आहेत. तुमचा स्फटिक २० नॅनोमीटरचा असो की ६० चा, पहिल्या खोल डिस्चार्जनंतर दोन्हींच्या जागी असाच लगदा तयार होतो. चार्ज केल्यावर सुबक हेमॅटाइट परत येत नाही; अव्यवस्थित, अतिसूक्ष्म ऑक्साइड येते आणि एक्सआरडीवर शिखरे जवळजवळ दिसेनाशी होतात. दुसऱ्या डिस्चार्जचा वक्र पहिल्यापेक्षा वरच्या व्होल्टेजला आणि जास्त उतरता असतो तो याच कारणाने. पन्नासाव्या चक्राच्या क्षमतेचे श्रेय सुरुवातीच्या स्फटिकाच्या मापाला देणारी वाक्ये प्रबंधांत सर्रास आढळतात. ती लिहिण्याआधी पन्नासाव्या चक्रात तो स्फटिक कुठे होता, हे लेखकाने स्वतःला विचारावे असे मला मनापासून वाटते.

मग पुढच्या चक्रांत लहान स्फटिकांचा नमुना मागे का पडला? पहिला संशयित पृष्ठभाग. हेमॅटाइटची घनता ५.२६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर ५० नॅनोमीटर व्यासाच्या सुट्या गोलांचे क्षेत्रफळ ग्रॅममागे सुमारे २३ चौरस मीटर येते आणि १० नॅनोमीटरच्या गोलांचे ११४. इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन या सगळ्या पृष्ठभागावर एसईआयचा (विघटनातून उरलेल्या घन पदार्थाचा) थर बसतो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. थराची जाडी ५ नॅनोमीटर मानून हिशेब केला तर ५०० नॅनोमीटरच्या कणावर त्या थराचे घनफळ कणाच्या सहा टक्के होते, ५० नॅनोमीटरच्या कणावर जवळजवळ पाऊणपट, आणि १० नॅनोमीटरच्या कणावर कणाच्या सातपट. प्रत्यक्षात स्फटिक एकमेकांना चिकटलेले असतात आणि द्रव सगळीकडे पोहोचत नाही, त्यामुळे आकडा इतका टोकाला जात नाही. तरी दिशा हीच. तुमच्या पहिल्या चक्रातली वाढलेली तूट बरीचशी या खात्यात जमा होते.

दुसरा संशयित फुगवटा. हेमॅटाइटच्या एका मोलचे घनफळ ३०.४ घन सेंटिमीटर. त्यापासून झालेले दोन मोल लोह आणि तीन मोल लिथियम ऑक्साइड मिळून सुमारे ५८.७ घन सेंटिमीटर. जवळजवळ दुप्पट. मॅग्नेटाइटसाठी हीच वाढ सुमारे ८० टक्के येते. एकटा लहान कण हा ताण न तडकता सोसतो, आणि हा लहान आकारमानाचा खरा फायदा आहे. परंतु लहान स्फटिकांची घट्ट गुठळी फुगते ती एका मोठ्या कणासारखीच: ती तडकते, तड्यांतून नवा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर पुन्हा एसईआय बसतो, आणि काही तुकडे कार्बनपासून तुटून निकामी होतात. स्फटिक लहान पण गुठळी मोठी, अशा नमुन्यात दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात. तुमच्या ४०० अंशांच्या नमुन्यात असेच झाले असावे, असा माझा कयास आहे.

हा कयास तपासता येतो, पण त्याआधी मापनाकडे पाहावे लागेल. शेररचे सूत्र सुसंगत स्फटिक-प्रदेशाचे माप देते. कणाचे नाही आणि गुठळीचे तर मुळीच नाही. शिवाय त्याची पोहोच मर्यादित आहे. तांब्यापासून मिळवलेल्या क्ष-किरणांत हेमॅटाइटचे मुख्य शिखर ३३.२ अंशांच्या आसपास येते. २० नॅनोमीटरच्या स्फटिकामुळे ते सुमारे ०.४ अंश रुंद होते आणि ६० नॅनोमीटरमुळे जेमतेम ०.१४ अंश. आता उपकरणाचीच रुंदी ०.१ अंश असेल आणि तुम्ही ती वजा केली नसेल, तर ‘६०’ हा आकडा निराधार आहे: वर्गांची वजाबाकी केली तर तो सुमारे ८५ होतो आणि सरळ वजाबाकी केली तर दोनशेच्या पुढे जातो. प्रमाण नमुन्यावर उपकरणाची रुंदी मोजून घ्या आणि एकाऐवजी अनेक शिखरे वापरा. गोएथाइटपासून झालेल्या हेमॅटाइटमध्ये काही शिखरे टोकदार आणि काही पसरट असतात, म्हणजे स्फटिक सर्व दिशांनी सारखा नसतो. अशा वेळी एका शिखरावरून काढलेले एकच माप पदार्थाचे वर्णन करू शकत नाही.

त्यानंतर नायट्रोजन शोषणाने बीईटी क्षेत्रफळ (नायट्रोजन पोहोचू शकतो तेवढा पृष्ठभाग) मोजा. ते शेररच्या आकड्याशी ताडून पाहण्याची पद्धत साधी आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. समजा २० नॅनोमीटरच्या नमुन्याचे क्षेत्रफळ ग्रॅममागे १५ चौरस मीटर निघाले. सुटे २० नॅनोमीटरचे गोल असते तर ते ५७ यायला हवे होते. १५ वरून उलटा हिशेब केला तर कणाचा व्यास ७६ नॅनोमीटर येतो. म्हणजे स्फटिक एकमेकांत इतके जुळले आहेत की नायट्रोजनलाही त्यांच्यामध्ये शिरता येत नाही, मग इलेक्ट्रोलाइटची गोष्टच नको. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मी कोणत्याही चक्र-आलेखाचा अर्थ लावायला बसत नाही.

आणखी एक अडचण तुमच्या प्रयोगाच्या रचनेत आहे. तापमान ४०० वरून ७०० वर नेले की फक्त स्फटिक वाढत नाही. गोएथाइटमधून पाणी निघून जाताना स्फटिकात बारीक भेगांसारखी छिद्रे पडतात. ४०० अंशांना ती बऱ्याच अंशी शिल्लक असतात, ७०० ला बुजतात किंवा एकत्र येऊन मोठी होतात. उरलेले हायड्रॉक्सिल गट आणि पाणीही कमी होते, आणि कमी तापमानाच्या नमुन्यातले हे पाणी लिथियमशी अभिक्रिया करून पहिल्या चक्राची तूट वाढवते. त्यामुळे दोन नमुन्यांतला फरक स्फटिकाच्या आकारमानाने झाला असे म्हणायला तुमच्याकडे आज पुरावा नाही. नमुने सेल बांधण्याआधी निर्वातात किती तापमानाला आणि किती वेळ सुकवले, तेही नोंदवहीत पाहा.

स्फटिक तोच ठेवून गुठळी बदलणारा प्रयोग मी पुढे करीन. गोएथाइटचा एकच घाणा घ्या. अर्धा भाग पाण्याने धुऊन नेहमीसारखा ओव्हनमध्ये सुकवा. पाणी उडताना केशाकर्षणाने कण एकमेकांवर ओढले जातात आणि खलात फोडावी लागणारी कडक ढेकळे होतात. दुसरा अर्धा भाग शेवटी इथेनॉलने धुऊन सुकवा, किंवा सोय असेल तर गोठवून निर्वातात सुकवा. त्याची भुकटी बोटांत चुरडली जाईल इतकी भुसभुशीत निघते. दोन्ही भाग एकत्रच, एकाच भट्टीत, ४०० अंशांना तापवा. शेररचा आकडा सारखा येईल, बीईटीचा बहुधा येणार नाही, आणि चक्रांतला फरक आता गुठळीच्या नावावर टाकता येईल. सेल बांधल्यावर एका ठरावीक क्षमतेला प्रवाह थांबवून व्होल्टेज किती तासांत स्थिरावते तेही पाहा: स्फटिक सारखे असूनही ढेकळांच्या नमुन्याला जास्त वेळ लागला, तर लिथियम कुठे अडकते आहे याचे उत्तर मिळाले. मॅग्नेटाइटवर असे काम करणार असाल तर सुकवताना हवा टाळा. १० नॅनोमीटरची काळी भुकटी ओव्हनमध्ये तपकिरी झाली, की तिचे बरेचसे मॅगेमाइट (मॅग्नेटाइटचे ऑक्सिडीकृत रूप) झालेले असते, आणि दोघांची एक्सआरडी शिखरे इतकी जवळ असतात की रुंदावलेल्या आलेखात ते सहज लपून जाते.

क्षमतेच्या आकड्यांविषयी एक सूचना. काही चक्रांनंतर क्षमता वाढत जाऊन १००७ च्या पुढे गेली, तर ते स्फटिकाच्या लहानपणाचे यश समजू नका. कमी व्होल्टेजला पृष्ठभागावर तयार होणारा आणि काही अंशी विरघळणारा जेलसारखा थर, धातू आणि लिथियम ऑक्साइडच्या सीमेवर साठणारे लिथियम आणि इलेक्ट्रोडच्या लेपात वाहकतेसाठी घातलेला कार्बन ब्लॅक, हे सगळे त्या आकड्यात असतात. कार्बन ब्लॅक आणि बाइंडर (लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ) यांचाच एक सेल बांधून त्याची क्षमता वेगळी मोजणे हे एका दिवसाचे काम आहे आणि ते व्हायलाच हवे.

सुपरकपॅसिटरवर काम करणाऱ्यांना वरचे पुष्कळसे अनोळखी वाटेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी धातू ऑक्साइडांचे पातळ थर रासायनिक पद्धतीने चढवून जलीय द्रावणात तपासण्याची दीर्घ परंपरा आहे. तिथे साठवण मुख्यतः पृष्ठभागाजवळ होते आणि स्फटिक फुटत नाही, म्हणून ‘लहान म्हणजे चांगले’ हा नियम तिथे जास्त काळ खरा ठरतो. तो तसाच उचलून लिथियमच्या रूपांतरण इलेक्ट्रोडला लावता येत नाही.

आता किती नॅनोमीटरचे लक्ष्य ठेवावे. तुम्हाला १ व्होल्टच्या वर राहून हेमॅटाइट वापरायचे असेल, म्हणजे स्फटिक न मोडता, तर २० नॅनोमीटर किंवा त्याखाली जा आणि सुमारे १६८ च्या मर्यादेत समाधान माना. या उपयोगात स्फटिकाचे आकारमान प्रत्येक चक्रात महत्त्वाचे राहते. पूर्ण रूपांतरणाचा अॅनोड हवा असेल तर मी २० नॅनोमीटरच्या खाली जाण्यासाठी कष्ट घेणार नाही. ३० ते ५० नॅनोमीटरचे स्फटिक, त्यांच्या फार तर मायक्रोमीटरभर मोठ्या सच्छिद्र गुठळ्या, आणि गुठळीच्या आतपर्यंत पोहोचलेला कार्बन, या रचनेकडे मी जाईन. बाइंडर म्हणून नेहमीच्या पीव्हीडीएफ या पॉलिमरऐवजी कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज किंवा अल्जिनेट वापरून पाहा. फुगणाऱ्या ऑक्साइडांना ते चांगले धरून ठेवतात, आणि पुष्कळदा त्या एका बदलाने चक्रांत जो फरक पडतो तो स्फटिक अर्धा करूनही पडत नाही. चार्ज आणि डिस्चार्जच्या व्होल्टेजमधली मोठी दरी मात्र कोणत्याही आकारमानाने मिटलेली नाही. तिचे मूळ अभिक्रियेच्या मार्गातच आहे, तेव्हा स्फटिक बदलून ती कमी होईल या अपेक्षेने नमुने करू नका.

आणि निवड करताना अर्ध्या सेलपाशी, म्हणजे लिथियमच्या चकतीसमोरच्या चाचणीपाशी, थांबू नका. लिथियमच्या चकतीसमोर पहिल्या चक्रातली तूट कोणाच्या खिशातून जात नाही, कारण चकतीत लिथियम मुबलक असते. पूर्ण सेलमध्ये ती कॅथोडमधून वसूल होते, आणि पहिल्या चक्रात ३० टक्के गमावणाऱ्या अॅनोडसाठी कॅथोड तेवढा जाड करावा लागतो किंवा अॅनोडला आधीच लिथियम द्यावे लागते. बारीक भुकटी दाबूनही सैल राहते, म्हणून घनफळामागची क्षमताही घसरते. तेव्हा पुढच्या दोन्ही नमुन्यांसाठी पहिल्या चक्राची कार्यक्षमता, चौरस सेंटिमीटरमागे चढवलेला पदार्थ आणि दाबलेल्या इलेक्ट्रोडची जाडी हे तिन्ही आकडे क्षमतेच्या शेजारी लिहा. २० आणि ६० नॅनोमीटरमधली निवड त्या तक्त्यावरून करा.